दुसरे बियाणे

सुरुवात टेबल टेनिसपासून झाली. मी मुद्रितशोधन करते आणि भाषांतरं तपासून देते. बियाणं विकणाऱ्या एका कंपनीचं मराठी छापील काम बरीच वर्षं माझ्याकडे येतं: पिशव्यांवरचा मजकूर, माहितीपत्रकं, कर्मचाऱ्यांचं घरगुती वार्तापत्र. कंपनीचं नाव सांगत नाही. माणसं चांगली आहेत आणि बिलं वेळेवर देतात.

हल्ली ते इंग्रजी मजकूर आधी कुठल्याशा भाषांतराच्या ॲपमधून काढतात आणि मग ‘ताई, फक्त एक नजर टाका’ म्हणून मला पाठवतात. दिवाळीच्या अंकात कंपनीच्या टेबल टेनिस स्पर्धेची बातमी होती आणि तिच्यात हे वाक्य होतं: ‘लेखा विभागाचे दुसरे बियाणे उपांत्य फेरीत पराभूत झाले.’

मूळ इंग्रजीत ‘सेकंड सीड’ होतं. मी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग ‘दुसरे मानांकित’ असं केलं. पुढच्या पानावर शेतकरी गटांना मिळणाऱ्या बीजभांडवलाचे ‘बियाणे पैसे’ झाले होते, तेही सुधारलं. शेवटच्या पानावर मात्र हसू थांबलं, कारण तिथला मजकूर यंत्राचा नव्हता, माणसानं लिहिला होता. जाहिरात होती: ‘भाऊबीज! बीज म्हणजे बी. भावाबहिणीच्या प्रेमाचं बी पेरण्याचा दिवस, हाच या सणाचा मूळ अर्थ.’ खाली परसबागेच्या बियांच्या पाकिटांच्या संचाचं चित्र.

हे चूक आहे एवढं मला माहीत होतं. पण जाहिरात लिहिणारा मुलगा हुशार आहे, ‘कशावरून?’ असं विचारतो, आणि विचारावंच. दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे सगळे खंड माझ्या घरी नाहीत, ठेवायला जागाही नाही. म्हणून नेहमीच्या ठिकाणी गेले. तिथं ‘बी’ या एका अक्षरामागे दोन दिवस गेले आणि त्यातूनच हे परीक्षण लिहायचं सुचलं.

हे ठिकाण म्हणजे शिकागो विद्यापीठाची ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ ही साइट. आपल्या उपखंडातल्या भाषांचे छापील कोश तिथं शोधता येतील अशा रूपात ठेवले आहेत. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही, जाहिराती नाहीत. मराठीसाठी मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, वझ्यांचा 1911 चा शालेय कोश आहे, मॅक्सिन बर्नसन यांचा सुटसुटीत कोश आहे आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. शिवाय त्याच छपराखाली संस्कृतसाठी आपटे, द्राविडी भाषांसाठी बरो-एमेनो आणि माझा सगळ्यांत लाडका, राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश. टर्नरमध्ये 14 हजारांहून अधिक शीर्षशब्द आहेत. प्रत्येक नोंदीत मूळ संस्कृत (किंवा तर्कानं बसवलेलं) रूप दिलेलं असतं आणि त्याखाली पाली, प्राकृत, सिंधी, नेपाळी, बंगाली, गुजराती, मराठी अशी लेकरं-नातवंडं रांगेनं उभी असतात. घराण्याची वंशावळच.

साइट दिसायला साधी आहे, ग्रंथालयाच्या जुन्या कार्डांसारखी. मी प्रत्येक कोश वेगळा उघडते. शब्द देवनागरीत टाकता येतो. फक्त शीर्षशब्दांत शोधायचं की संपूर्ण नोंदींत, ते ठरवता येतं. नवख्या माणसानं दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुन्या कोशांतलं लेखन जुनं आहे: तळें, केळें, बियाणें. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनंतर शाळा शिकलेल्या बोटांना शेवटचा अनुस्वार सुचत नाही, तो मुद्दाम द्यावा लागतो. आणि शब्दाकडून वाट सापडली नाही तर अर्थाकडून जावं. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत आहेत, त्यामुळे संपूर्ण नोंदींत इंग्रजीतला ‘सीड’ टाकला की मराठी शब्दांची रांग लागते. मी वही घेऊन बसले. काही शब्द कोशातून आले, काही आधीच डोक्यात होते, काही आईला विचारले. कापसाच्या बीला सरकी, चिंचेच्या बीला चिंचोका, फणसाच्या बीला आठळी, आंब्याच्या बीला कुठं कोय तर कुठं बाठा. ऊस, हळद, आलं, बटाटा यांचं एरवी बी पेरत नाहीत, बेणं लावतात. (आणि वात्रट पोराला ‘काय बेणं आहे!’ म्हणतात तेही हेच.) भाषांतराच्या ॲपला या सगळ्यांसाठी एकच शब्द येतो, बियाणे. फणसातून बियाणं काढून उकडून खाल्लं, असं वाक्य त्यानं मला खरोखर दिलेलं आहे.

आता मुद्द्याचं. टर्नरमध्ये ‘बीज’ उघडा. संस्कृत बीज, पाली बीज, प्राकृत बीअ. त्या ‘बीअ’वर थांबा, कारण मराठी बीची गोष्ट त्यात आहे. वररुचीच्या प्राकृतप्रकाश या प्राकृत व्याकरणात एक सूत्र आहे: कगचजतदपयवां प्रायो लोपः. दोन स्वरांच्या मधे एकटी सापडलेली ही नऊ व्यंजनं बहुतेक वेळा गळून पडतात. (‘प्रायो’ म्हणजे बहुतेक वेळा. व्याकरणकारानं असा शब्द वापरला की माझा त्याच्यावर जास्त विश्वास बसतो.) म्हणून राजकुलाचं राउळ झालं, ज गेला आणि क पण गेला. राजपुत्राचा राऊत झाला. सूचीची सुई झाली. बीजमधला ज तसाच गेला, बीअ उरलं, आणि त्याचं आपलं बी.

म्हणजे आपण पेरतो ते ‘बी’ घरातून चालत आलेलं, झिजत झिजत आलेलं. ‘बीज’ मात्र आपण नंतर संस्कृतातून पुन्हा उचललं. त्यामुळे एकाच शब्दाच्या दोन पिढ्या एका घरात नांदतात: मातीत बी, व्याख्यानात बीज. बीजमंत्र, बीजभाषण, बीजभांडवल यांना ‘बी’ लावून पाहा. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्याच्या एका भागाचं नाव बीजगणित. त्याचं बीगणित करून बघा, आठवीचा वर्ग खाली बसणार नाही.

मग भाऊबीज? त्यासाठी टर्नरमध्येच ‘द्वितीय’ उघडावं लागतं. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया, हे कॅलेंडरवर लिहिलेलंच असतं, पण आपण वाचत नाही. द्वितीयेचं प्राकृतात बिइज्जा झालं आणि त्याची मराठी बीज. यातला ‘ब’ कुठून आला? द्व मधून. द्वादशचे बारा झाले, द्वाविंशतीचे बावीस झाले, त्याच वाटेनं. पाढ्यातलं ‘बे एके बे’ आठवा. भाऊबीजेचा ब हा तो ब आहे. म्हणजे तिचं नातं बियाण्याशी नाही, बेच्या पाढ्याशी आहे.

आणि ‘ज’? वररुचीनं तर ज गाळायला सांगितलाय. पण तो एकटा ज. इथं ज्ज आहे, जोडाक्षर, आणि जोडाक्षरातला ज टिकतो, फक्त पुढं त्याचा एक ज कमी होतो आणि आधीचा स्वर लांबतो. अद्य, अज्ज, आज. विद्युत्, विज्जु, वीज. लज्जा, लाज. तसंच बिइज्जा, बीज. तृतीयेची तीज याच रांगेत बसते. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात त्यातही हीच तीज लपलेली आहे.

हे पहिल्यांदा नीट जुळलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. ज्या शब्दात मुळातच ज होता त्यातला तो गेला, आणि ज्या द्वितीयेत ज नावालाही नव्हता तिला तो मिळाला. पुढं आपण संस्कृत बीज परत आणलं आणि दोघी एकसारख्या दिसू लागल्या. जुळ्या नव्हेत, नात्यातल्याही नव्हेत, नुसत्या एका चेहऱ्याच्या.

वेगळेपणा ओळखायची खूण मराठीनं स्वतःच ठेवली आहे: लिंग. पेरायचं ‘ते बीज’, तिथी ‘ती बीज’. शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी म्हणणारे तुकोबा, आणि फाल्गुन वद्य द्वितीयेची तुकाराम बीज. एका माणसाच्या नावाशी दोन्ही जोडलेली आहेत, पण एक नपुंसकलिंगी आहे आणि दुसरी स्त्रीलिंगी. तिथीच्या बीजेची भावंडं आणखीही आहेत. बिजवर म्हणजे दुसरेपणाचा नवरा. ॲपनं त्याचं काय केलं ते लिहीत नाही, घरातली लहान मुलंही हे वाचतील. आणि बीजापूर तर दोघींपैकी कुणाचंच नाही. ते विजयपूर, म्हणून आपल्याकडे विजापूर म्हणतात.

खेड्यातल्या बोलीत आणखी एक बी आहे. ‘मी बी येतो’ मधली. ती ‘सुद्धा’च्या अर्थाची, तिचं कूळ वेगळं. ॲपला हे वाक्य घालून पाहिलं. त्यानं मला एक बोलणारं बियाणं दिलं, जे कुठंतरी निघालं होतं.

जरा थांबून ‘बी’च्या लिंगाचं सांगते, कारण मुद्रितशोधनात दर महिन्याला हा वाद होतो. ‘बी पेरली’ की ‘बी पेरलं’? दोन्ही जिवंत आहेत आणि दोन्हींना आपापलं काम आहे. लिंबातून निघते ती एक बी, तिच्या अनेकवचनी चार बिया. पोत्यात असतं ते बी, तिथं मोजणी नाही, नुसता साठा आहे. आमची आई वेलावरच्या जून दोडक्याला हात लावू द्यायची नाही. ‘तो तोडू नको गं, बियाला ठेवलाय.’ बियाला, बीला नव्हे. पाणी, पाण्याला; लोणी, लोण्याला; तसं बी, बियाला. नपुंसकलिंगाची चाल आहे ती. आईला व्याकरण शिकवायला कुणी आलं नव्हतं, पण दोडका आणि लिंबू यांत ती कधी घोटाळली नाही. कंपनीच्या माहितीपत्रकांत मी हाच नियम चालवते: मोजायची असेल तर ती, पेरायचं असेल तर ते. अजून कुणी हरकत घेतलेली नाही. बहुधा कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

भाऊबीजेचा निकाल लागला तेव्हा थांबायला हरकत नव्हती, पण अशा साइटवर एक दार उघडलं की शेजारची दारं खुणावतात. बीज हा शब्द संस्कृतात तरी कुठून आला?

आपट्यांच्या कोशात शब्दाला लागूनच कंसात व्युत्पत्ती आहे: वि-जन्-ड, उपसर्गस्य दीर्घः, बवयोरभेदः. जन् म्हणजे जन्मणं, त्याला आधी वि उपसर्ग आणि मागे ड प्रत्यय, उपसर्गातली इ दीर्घ केली आणि शेवटी ब आणि व यांत भेद मानायचा नाही, म्हणजे ‘वी’ची ‘बी’ झाली. तीन पायऱ्या, तिन्हींना शास्त्राधार. वामन शिवराम आपट्यांनी हा कोश 1890 मध्ये पुण्यात काढला आणि दोनच वर्षांत, वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या आसपास, ते गेले. इतक्या कमी आयुष्यात एवढा ग्रंथ, हे मला दर वेळी कोश उघडताना आठवतं. पण ही व्युत्पत्ती वाचताना मनात चुकचुकतं. इ मुद्दाम लांबवायची, व मुद्दाम ब मानायचा. अर्थ सुंदर जुळतो, आणि म्हणूनच संशय येतो. अर्थ फार सुंदर जुळला की शब्दाला बसवून आणलेलं असण्याची शक्यता वाढते, भाऊबीजेच्या जाहिरातीसारखी.

दुसरं मत पाहायला मी जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संस्कृत कोशांच्या साइटवर जाते. तिथं मोनियर-विल्यम्सचा 1899 चा कोश आहे, तोही मोफत, आणि मूळ छापील पानाचं चित्रही उघडता येतं. त्यांनी बीजच्या नोंदीत लिहून टाकलं आहे की मूळ संशयास्पद आहे. एवढंच. इतका मोठा पंडित, इतका साधा शब्द, आणि त्यावर सरळ कबुली. मला हे फार आवडतं. तेराशेहून अधिक पानांच्या कोशात ‘इथं आमचं चालत नाही’ म्हणणारी नोंद दिसली की बाकीच्या नोंदींवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

मूळ ठाऊक नसलं तरी वय ठाऊक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (10.101.3) ओळ आहे: युनक्त सीरा वि युगा तनुध्वं कृते योनौ वपतेह बीजम्. नांगर जुंपा, जू ताणा, तयार केलेल्या कुशीत इथं बी पेरा. मला या ओळीत चकित करते ती तिची ताजी घाई. मृगाच्या पावसानंतर वाफसा आला की घराघरांत जशी हाकाटी सुरू होते, तशीच ती वाटते. तिथून पुढं शब्दाचा पसारा वाढत गेला. नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या आहेत, त्यात पहिली बीज. योगसूत्रांत समाधी सबीज आणि निर्बीज. न्यायशास्त्रात बीजांकुरन्याय, आधी बी की आधी अंकुर. इतक्या शास्त्रांना हा शब्द पुरला, तरी शेतकऱ्याच्या तोंडून तो सुटला नाही.

इंग्रजी ‘सीड’ची गोष्ट याच्या नेमकी उलट. त्याचं मूळ अगदी उघडं आहे. पेरणे या अर्थाच्या ज्या जुन्या धातूतून इंग्रजी ‘सो’ आला, त्यातूनच ‘सीड’. म्हणजे सीड म्हणजे जे पेरतात ते. लॅटिनमधला ‘सेमेन’ त्याच घरातला. ‘सीझन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली पेरणी आहे, म्हणजे हंगाम हा आधी पेरणीचाच हंगाम होता. आणि ‘सेमिनार’ ज्यावरून आला त्या ‘सेमिनारियम’चा अर्थ रोपवाटिका. हे वाचल्यापासून कुणी मला सेमिनारला बोलावलं की मला वाफ्यात खुपसलेली रोपं दिसतात, माना खाली घातलेली. ग्रीकमध्येही तेच: बी या अर्थाचा ‘स्पर्मा’ विखुरण्याच्या क्रियापदावरून आला, आणि विखुरलेल्या लोकांचा ‘डायस्पोरा’ही त्याच क्रियापदाचा. युरोपातल्या या भाषांनी बीकडे पेरणाऱ्याच्या मुठीतून पाहिलं. आपल्या पंडितांनी, व्युत्पत्ती बसवून आणलेली का असेना, बीच्या आतून पाहिलं: जे जन्माला येतं ते.

टेबल टेनिसचं बियाणंही इथंच उगवलं. स्पर्धेच्या तक्त्यात चांगल्या खेळाडूंची नावं लांब लांब टाकतात, म्हणजे ते पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळत नाहीत. वाफ्यात बी अंतर राखून टाकावं तसं. त्यावरून ‘सीड’. मराठी क्रीडापत्रकारांनी त्यासाठी ‘मानांकन’ हा शब्द रुळवला आणि वाफा विसरून गेले, ते बरंच केलं. लेखा विभागाच्या त्या गृहस्थांना मात्र मी हे सांगितलेलं नाही.

एक मोह आवरला, तोही सांगते. बरो-एमेनो यांच्या द्राविडी कोशात तमिळ ‘वित्तु’ म्हणजे बी आणि कन्नड ‘बित्तु’ म्हणजे पेरणं. बीज आणि बित्तु! अर्धा तास मी हवेत होते. मग शांतपणे पाहिलं की एकीकडे ज आहे आणि दुसरीकडे त्त, आणि मधे पूल नाही. आवाज जुळला म्हणून नातं जोडायचं तर भाऊबीजवाल्या मुलानं काय वेगळं केलं होतं? टॅब बंद केला.

आता या साइटच्या मर्यादा. कोश जुने आहेत, त्यामुळे त्यांच्या नंतर जन्मलेल्या शब्दांची अपेक्षा ठेवू नका. 1966 मध्ये बियाणे कायदा आला आणि त्याबरोबर बियाण्याच्या धंद्याची आख्खी नवी मराठी तयार झाली: पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, आणि कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर विकलेलं सत्यप्रत. प्रत्येकाच्या खुणचिठ्ठीचा रंग ठरलेला: सोनेरी पिवळा, पांढरा, निळा, हिरवा. उगवणक्षमता, बीजप्रक्रिया, संकरित वाण. मोल्सवर्थला हे कुठून माहीत असणार? अशा शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत, तेही आता ऑनलाइन आहेत आणि मोफत आहेत. टर्नर आणि मोनियर-विल्यम्स वाचायला इंग्रजी लागतं, रोमन अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं ओळखायला लागतात. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं. आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर या लांबलचक नोंदी वाचू नयेत, त्या संगणकावरच वाचाव्यात.

मोल्सवर्थबद्दल एक कौतुक राहिलं. तो शब्दापुढं मूळ भाषेचं एक अक्षर टाकतो: संस्कृतला एस, अरबीला ए, फारसीला पी. 1857 साली, हाताशी संगणक तर सोडाच, विजेचा दिवाही नसताना. रोजच्या कामासाठी मी आधी तोच उघडते, मराठीतून सविस्तर अर्थ हवा असेल तर दाते-कर्वे, आणि भांडण जिंकायचं असेल तर टर्नर.

कुणासाठी? भाषांतरकार, शिक्षक, मुलांची नावं शोधणारे आईबाप, जाहिरात लिहिणारे. ‘मूळ अर्थ’ हे दोन शब्द छापायला निघालेल्या प्रत्येकासाठी तर नक्कीच. झटपट एका शब्दात उत्तर हवं असेल त्यांनी इकडे फिरकू नये, त्यांच्यासाठी ॲप आहे आणि त्याच्याकडे बियाण्याचा साठा भरपूर आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो माझ्या दोन दिवसांच्या बुडालेल्या कामाचा, साइटचा त्यात काही दोष नाही.

त्या मुलाला मी सगळं सविस्तर लिहून पाठवलं. बिइज्जा, बारा, बावीस, बे एके बे. तासाभरात फोन आला.

‘ताई, वाचलं. भारीच आहे. पण जाहिरात वाचायला छान वाटतेय ना? लोकांना कुठं एवढं माहीत असतं?’

‘छान वाटतेय. पेरा की प्रेमाचं बी, माझी काय हरकत? फक्त “हाच या सणाचा मूळ अर्थ” एवढं काढा.’

जरा वेळ शांतता. मग म्हणाला, ‘मग तिथं जागा मोकळी राहते. तुम्हीच द्या ना एखादी ओळ.’

मी दिली: ‘बीज द्वितीयेची, बी परसबागेचं.’ त्याला आवडली. अंक छापून घरी आला तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं. ओळ होती, मोठ्या हिरव्या अक्षरांत. माझ्यानंतर कुणीतरी ती तपासली होती आणि दुरुस्त केली होती: ‘बीज द्वितीयेचे.’